आधी मला जोख

मोटारींचं वाइंडिंग करणारा तो गेला, तेव्हा घरात दोनच गोष्टी उरल्या. एक बायको आणि दुसरं जळक्या तांब्याच्या तारेचं पोतं. जाण्याआधी बायकोला म्हणाला होता, "तार तार करून साठवलंय. तुझ्यासाठी. विकताना मापात पाप होऊ देऊ नकोस."

आता ही बाई कशी, तर दुधानं कधी तोंड पोळलं नसतानाही ताक फुंकून पिणारी! मिठाचा पुडासुद्धा घरी आणून हातावर तोलायची. हातगाडीवर पोतं घालून भंगाराच्या दुकानात पोचली ती ठरवूनच. भंगारवाल्यानं पोत्याला हात लावला तशी म्हणाली, "थांब. आधी मला जोख."

"मावशी, मी माणसं विकत घेत नाही हो!"

"दात मग काढ, मेल्या. माझं वजन बावन्न आहे. दवाखान्यात पाहिलंय. बघू तुझा काटा काय बोलतो."

चपला काढून ती काट्यावर चढली. आकडे थरथरले, थांबले. चव्वेचाळीस.

"उभ्या बाईतले आठ किलो खाल्लेस! मग मुक्या पोत्यातले किती खाशील?"

भंगारवाला चिडला नाही. त्यानं रिकामी बादली काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि समोरच्या दूधवाल्याकडून लिटरचं माप मागून आणलं. "घ्या, स्वतःच्या हातानं पाणी ओता."

लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, हे तिला नवऱ्यानंच शिकवलेलं. ती ओतत गेली, मोजत गेली. दहा मापं झाली. काट्यावरही दहाच.

माप तिच्या हातात तसंच राहिलं.

"मावशी, वजन कधी केलं होतं?"

"ह्यांना दाखल केलं त्या दिवशी."

त्यानंतर दहा महिने दर सोमवारी नर्स नवऱ्याचं वजन करायची. ही त्याला काखेत धरून काट्यावर चढवायची, आकडा ऐकायची, उतरवायची. तुम्हीही चढा असं तिला कोणी म्हटलं नाही. तिलाही सुचलं नाही.

तांबं तेवीस किलो भरलं. भंगारवाल्यानं पैसे पुढे केले. "मोजून घ्या."

"आज पुष्कळ मोजलं, बाबा," म्हणत तिनं ते तसेच पदरात बांधले.

माप परत करायला ती दूधवाल्याकडे गेली, पण ठेवलं नाही. पुढे धरलं. "भर."

"पूर्ण लिटर? घरी कोणी आलंय का, मावशी?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "मलाच हवंय."