दादाच्या कॅसेटमधली धून

मंडळी, आज रोझ बेल गावात दादाकडे गेले होते. ऐंशीच्या दशकात त्याने घरीच वाजवून एक कॅसेट रेकॉर्ड केली होती. खाली नाचायचा ठेका, वर कीबोर्डची संथ, तरंगणारी धून. आता त्याला अजिबात ऐकू येत नाही. ओठ बघून बोलणं ओळखतो.

वहिनीने ती कॅसेट लावली. दादाने स्पीकरवर तळहात ठेवला आणि हसला. "ठेका लागतोय हाताला."

मग म्हणाला, "वरची धून चालू आहे?"

मी मान डोलावली.

"कशी आहे गं? मला आठवत नाही आता."

मी त्याच्या दंडावर बोटांनी ती धून काढत राहिले. त्याने डोळे मिटले.

"नाही गं," तो हळूच म्हणाला, "नाही आठवत."

तुम्ही कशी सांगितली असती?