शिशाचा घोडा

"आधी मुठीत धर, बेटा. वजन कळू दे. मग बघ."

शहागंजातल्या आपल्या चष्म्याच्या दुकानात चाचा कुणालाही नाणं असंच दाखवत. गिऱ्हाईक नंबर वाढला म्हणून आलेलं असे आणि चाचा त्याच्या तळहातावर सातवाहनांचं नाणं ठेवून त्याची बोटं स्वतः मिटवत. शेजारी माझं स्टेशनरीचं दुकान. वैतागलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊन बसत. असा छंदिष्ट माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्याशिवाय आपल्याला करमतही नाही.

नाणी बहुतेक शिशाची, पैठणला खेपा घालून जुन्या वस्तू विकणाऱ्यांकडून एकेक करून जमवलेली. कशावर हत्ती, कशावर शिडाचं जहाज. जहाज म्हणजे आमचा व्यापार समुद्रापार चालतो, असं राजाचं सांगणं. पण चाचांचा जीव एकाच नाण्यावर. त्यावर उभा घोडा आणि त्याच्यासमोर यज्ञाचा खांब.

"राजानं घोडा सोडला. जिथं जिथं फिरला, ती जमीन राजाची. मग यज्ञ केला अन् त्याची याद म्हणून हे पाडलं," चाचा सांगत. "राजा गेला, राज्य गेलं. घोडा हाय अजून."

चाची दुपारी मुकुंदवाडीहून डबा घेऊन येत. "लोकांची सवत हाडामांसाची असते, माझी शिशाची," असं म्हणून मला हसवत. पण नाण्यांची काळजी त्यांनाच जास्त. "एवढ्या मोठ्या राजाला बिस्किटाच्या डब्यात कोंडता व्हय? एक चांगली शोकेस करा की." चाचा "करू, करू" म्हणत. हे करू-करू चालू असतानाच चाची आजारी पडल्या आणि गेल्या.

चाळिसावा झाला आणि चाचांनी घरी पहिलं काम शोकेसचं केलं. नवं लाकूड, आत मखमल, वर काच, धूळ जाऊ नये म्हणून कडेनं रबराची पट्टी. सगळी नाणी त्यात मांडली, वर चाचीची ओढणी पसरली आणि वर्षानं बरसीलाच उघडायचं ठरवलं. "तिचं एवढंच मागणं होतं. लई उशीर केला मी," म्हणाले.

बरसीला ओढणी काढली तेव्हा मी तिथंच होतो. हत्तींवर पांढरी भुकटी चढली होती. चाचांनी काच काढून जहाजाला बोट लावलं, तर निम्मं जहाज बोटाला आलं. ओळखीचे एक जाणकार बघून गेले. नव्या लाकडातून आंबूस वाफ निघते, बंद पेटीत ती कोंडते आणि शिसं खात राहते, असं त्यांनी समजावलं. गेलेली चित्रं काही परत येणार नव्हती. पत्र्याच्या डब्यात बरी होती, असंही ते बोलून गेले. मला त्यांचा फार राग आला.

"मातीत दोन हजार साल राहिली," चाचा म्हणाले, "अन् माझ्या घरात एक साल नाय."

नाणी पुन्हा डब्यात, कापसात गेली, पण एकदा लागलेली झीज थांबली नाही. चाचा ती रोज उघडून बघत. घोडा सगळ्यांत जास्त दिवस टिकला. मग त्याचेही पाय गेले, मान गेली. दुकान उघडणं त्यांनी सोडून दिलं. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटचा भेटायला गेलो तेव्हा खाटेवर बसून होते. त्यांनी नाणं माझ्यापुढे धरलं. नुसती पांढरी, खडबडीत चकती.

"दिसतो ना घोडा?"

"दिसतो, चाचा."

"मग नीट बघून ठेव. माझ्यामागं कुणी विचारलं तर सांगता यायला पाहिजे, तोंड कुठल्या बाजूला होतं त्याचं."

चाचा यंदाच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. घोड्याबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही. परवा मीच स्वतःला विचारून पाहिलं. इतकी वर्षं पाहिलेलं नाणं. पण घोड्याचं तोंड डावीकडे होतं की उजवीकडे, काही केल्या आठवेना.