मुरारीच्या उजव्या डोळ्यातली गाठ

पवनीच्या ढिवर मोहल्ल्यात, मासेमारांच्या त्या वस्तीत, मुरारीसारखं जाळं विणणारा दुसरा नव्हता. पण त्या हिवाळ्यात त्याला जाळ्याची घरं वाकडी दिसू लागली. उजवा डोळा झाकला की सरळ. डावा झाकला की मधोमध फुगलेली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी बशीत ओतायचा चहा चटईवर गेला, तेव्हा बायकोनं, रेवताबाईनं, किटली हातातून काढून घेतली.

"काहून लपवून राहिले? डोळा तुमचा खराब झाला, माहा नाई. मले दिसते."

दोघं नागपूरला गेली. थेंब घालून, फोटो काढून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली रक्तवाहिन्यांचा गुंता झालाय. गाठच म्हणा, पण कॅन्सर नाही. तिच्यातून पाणी झिरपतं, म्हणून वाकडं दिसतं."

मुरारीला फक्त 'गाठ' ऐकू आलं. त्याचा चेहरा उतरलेला पाहून रेवताबाई म्हणाली, "बाई, कॅन्सर नाई म्हनलं ना? यायले ऐकू जाईल असं एकडाव आणखी सांगा."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि मुरारीकडे बघत पुन्हा सावकाश सांगितलं.

उपचाराच्या ठरलेल्या दिवशी दंडाच्या शिरेतून दहा मिनिटं औषध सोडलं, प्रकाश पडला की काम करणारं. मग डोळ्यात लाल प्रकाश. आता जळणार म्हणून मुरारीनं दात आवळून धरले होते. पण दीड मिनिटाच्या आतच "झालं" म्हणून सांगितलं. खरं अवघड पुढंच होतं. औषध अंगात असेतो ऊन लागलं तर कातडी भाजणार. पाच दिवस उन्हात पाऊल टाकायचं नाही.

दिवस मावळल्यावरच दोघं दवाखान्यातून निघाली. तरी रेवताबाईनं त्याच्या डोक्यावरून आपली शाल ओढली, डोळ्यांना काळा चष्मा लावला आणि हातांत घरून आणलेले लेकीचे, डिंपलचे, शाळेचे मोजे चढवले. बसमधली माणसं वळून वळून बघत होती. मुरारी लाजून खिडकीकडे तोंड करून बसला. मोज्यातला हात मात्र त्यानं तिच्या हातातून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहिला नदीतल्या जाळ्यांचा. डोंगा आजवर मुरारीनंच चालवलेला. रेवताबाई बाजारात मासे विकायची. ती वल्हं घेऊन निघाली. दार लावलेल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, मुरारी कान लावून बसला. ती परतली ती कमरेपर्यंत ओली, टोपलीत चार लहान मासे.

"डोंगा हालला का?"

"हालला. मीबी हालली."

तो हसला आणि तिला टॉवेल दिला. मग रोज संध्याकाळी तो तिला नदी समजावून सांगे: खडक कुठं, भोवरा कुठं, वारा सुटला तर तोंड कुणीकडं करायचं. चौथ्या दिवशी तिनं हातभर लांब मरळ आणली आणि दारातूनच उचलून दाखवली.

पाच दिवस सरले तरी वाकडं दिसणं लगेच थांबलं नाही, म्हणून डोंगा तिच्याचकडे राहिला. दोन महिन्यांनी तपासणी झाली. पडद्याखालचं पाणी आटलं होतं, गाठही खाली बसली होती. तक्त्यावरच्या बारीक ओळी त्यानं वाचल्या. एकच अक्षर किंचित झुकलेलं दिसलं. "तेवढं राहील कदाचित," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तपासायला येत राहा. लागलंच तर पुन्हा प्रकाश देऊ."

दुसऱ्या दिवशी मुरारी नदीवर पोचला तेव्हा रेवताबाई आधीच डोंग्यात मागच्या टोकाला बसलेली.

"सरक, मी घेतो," तो म्हणाला.

"वल्हं माह्याजवळ राहू द्या," ती म्हणाली. "तुमी जाळं पाहा."

तो पुढं जाऊन बसला.