मूठभर राता
"घे. घरान ठेव. खाव नको."

कागदाची पुडी टेबलावर ठेवून तळव्यानं दाबायची आणि एवढंच बोलायचं. आमच्या शाळेच्या ऑफिसात दिवाळीला मिठाई वाटणारे पुष्कळ होते, भाताचं बी वाटणारे हे एकटेच.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. हेडक्लार्क, राहणारे मोरव्याचे. पहाटे खाडीकाठच्या शेतात जाऊन मग कामावर यायचे, त्यामुळे इस्त्रीच्या पॅंटखाली टाचांना चिखल असायचा. हेडमास्तरांनी त्यावर बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं.

पुडीत राता असायचा, खाऱ्या जमिनीत तग धरणारा लाल भात. पूर्वी मोरव्यात प्रत्येक घर आपलं थोडं बी दुसऱ्याकडे ठेवायचं. एकाचं शेत उधाणात गेलं तर शेजाऱ्याकडून बी परत यायचं. मग जमिनी विकल्या गेल्या, शेती करणारं शेजारी कुणी उरलं नाही. काकांनी शेजार शोधला तो ऑफिसात.

"काका, फ्रिजमध्ये ठेवू का?" आम्ही चिडवायचो.

"ठेव. तुजी बायको पुलाव करील."

एका आषाढात उधाणानं बांध फोडला आणि लावलेलं रोप खाऱ्या पाण्यात जळालं. काका पिशवी घेऊन टेबलाटेबलाशी आले. टायपिस्टबाईंनी पुडी पूजेत कलशाखाली मांडली होती, ती निर्माल्याबरोबर खाडीत गेली. लायब्ररीवाल्यांच्या आईनं कबुतरांना घातली. शिपायाची नालासोपाऱ्याला घर बदलताना हरवली. काका कुणावर रागावले नाहीत. "कबुतरांचा पोट भरला ना," म्हणाले आणि माझ्याकडे वळले. आमची पुडी बायकोनं कडुलिंबाचा पाला घालून डब्यात ठेवली होती. तेवढीच एक मूठ हाती लागली.

मग म्हणाले, बांध घालायला रविवारी या. पूर्वी घरटी एक माणूस यायचा. आम्ही ऑफिसातले काही जण गेलो. चिखल उपसून पाठी मोडल्या, बांधावर बसून काकूंच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट हाणली, फोटोही काढले. पुढच्याच भरतीनं सगळं धुऊन नेलं.

काका पाण्याकडे बघत राहिले. "याला गाव लागतं," म्हणाले. "हापिस न्हाय पुरत."

पलीकडे टॉवर उभे होते. एकेका टॉवरमध्ये मोरव्याहून जास्त घरं असतील, पण कुणाला बोलावणार आणि काय सांगून? मीही टॉवरमध्येच राहतो. माझ्या मजल्यावरच्या लोकांना मी आजवर बांधाचं काही सांगितलेलं नाही.

शेत गेलं तरी काका थांबले नाहीत. ती मूठ त्यांनी अंगणातल्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पेरली. दिवाळीला पुडी आली. "आता तुजेकडं आन् माजेकडं. दुसरीकडं न्हाय. आन् येत्या पावसात पेरला पायजे, पडून रायला का बी मरतं."

गुढीपाडव्यानंतर काका गेले. रिक्षा दारात येईपर्यंतच सगळं संपलं होतं. कितीतरी दिवस ऑफिसात त्यांच्या खुर्चीकडे मला बघवत नव्हतं.

मे अखेर मी पुडी घेऊन मोरव्याला गेलो. शेताच्या जागी नुसतं पाणी होतं. काकूंची बांधाबांध चालली होती, मुलाच्या फ्लॅटवर काशीगावला जायचं होतं. ड्रम भंगारात गेले होते. घरातलं बी तेराव्याच्या गडबडीत उंदरांनी खाल्लं होतं.

"मंग येवढाच रायला," काकू म्हणाल्या.

"काकू, कुठं पेरणार?"

"मना काय ठाव, बाबा? तुजेकडं हाय का जमीन?"

माझ्याकडे खिडकीतल्या कुंड्या होत्या, त्यांत कोरफड. मी नाही म्हटलं.

त्यांनी पुडी सोडली. मांडीवर पदर पसरून दाणे हातानं दोन भागांत सारले. एक भाग स्वतःच्या पदराला गाठ मारून ठेवला. दुसरा कागदात बांधला, माझ्या हातावर ठेवला आणि वरून तळव्यानं दाबला.

"एका घरान ठेवाचा न्हाय," म्हणाल्या.