उंबराखालचा डबा

आमच्या चाळीतल्या बकुळाताई गमरेंना साठीनंतर भलताच नाद लागला. लोक कुठेतरी डबा लपवतात, त्याची जागा फोनवरच्या नकाशात टाकतात आणि अनोळखी माणसं तो शोधून परत तिथेच ठेवतात. ताईंनी आपला पहिला डबा लोअर परळला बंद गिरणीमागे लपवला. तिथे मालगाडीचे जुने रूळ गवतात रुतलेत आणि कडेने चालायची वाट केलीय. त्या वाटेवरच्या उंबराच्या मुळांत.

संध्याकाळी बघायला गेल्या, तर वाटेवर दोरी बांधलेली. पोलीस माणसांना मागे रेटत होते. "बेवारस डबा आहे, बॉम्बवाले येतायत." आत नुसत्या काचेच्या गोट्या होत्या, पण आता हे सांगायचं कुणाला? शेजारचा एकजण म्हणत होता, "ठेवणाऱ्याला आधी फोडून काढा."

आता लपवायचा तर प्लास्टिकचा डबा घ्यावा ना. यांनी घरातला स्टीलचा उचलला, आणि घरातल्या स्टीलवर नाव कोरलेलं असतंच. हवालदाराने मोबाइलवर झूम करून ते वाचलं आणि भोंग्यावरून पुकारलं, "शामराव धोंडू गमरे, असाल तिथून पुढे या."

शामराव म्हणजे ताईंचे मिस्टर. ते गेल्यापासून त्यांच्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

गर्दी एकमेकांची तोंडं बघू लागली. हवालदाराने पुन्हा तेच नाव घेतलं, या वेळी दरडावून.

"ओ," म्हणत ताई दोरीखालून आत शिरल्या.