टॅमसिन पिनकचे अकरा मंगळवार

टॅमसिन पिनक दर मंगळवारी फ्रूमच्या बाजारातून गाढवीवर लोकरीचे पेळू लादून आमच्या नन्नी गावात यायची. आम्ही कातलेलं सूत ती गोळा करायची, नवे पेळू द्यायची आणि पुढच्या गावाला निघायची. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं तिनं हेच केलं. गावातले बावीस चरखे तिच्या पायपिटीवर चालायचे.

सुताची लडी ती डोळे मिटून चाचपायची. "प्रू, भांडलीस ना नवऱ्याशी? इथं बघ, गाठीच गाठी!" म्हणायची. मी लाजायचे, कारण खरंच भांडलेली असायचे.

त्या उन्हाळ्यात ट्रॅटमननं, म्हणजे ज्याची लोकर आम्ही कातायचो त्या कापडवाल्यानं, जुन्या कोठारात सूतयंत्रं बसवली. एक बाई चाक फिरवणार आणि चाळीस चात्या एकदम कातणार. त्यानं टॅमसिनला बोलावून सांगितलं, "नन्नीला आता निम्मीच लोकर. कुणाला द्यायची ते तू ठरव."

"मी कशी ठरवू, मालक?"

"मग मी वरच्या अकरा नावांवर फुली मारतो."

शेवटी तिनंच ठरवलं. लहान मुलं असलेल्या घरांची लोकर चालू ठेवली. मला तीन मुलं होती, माझी लोकर चालू राहिली. गोष्ट सांगतेय तर हेही सांगायला हवं.

दहा घरांना तिनं तोंडावर सांगितलं. एकीनं तिच्या अंगावर धुण्याचं पाणी फेकलं. अकरावं घर केझाया मूडीचं होतं, माझ्या शेजारचं. केझायामावशी सत्तरीची, एकटी. टॅमसिनला कातायला शिकवलं होतं ते तिनंच. तिच्या दारात टॅमसिनची जीभ रेटेना.

"मावशी, या खेपेला लोकर कमी पडली. पुढच्या मंगळवारी बघू."

"बघू की. मला कुठं पळून जायचंय?" मावशी हसली.

पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. लोकर बंद झालेल्या बायका मावशीला टोमणे मारायच्या, "तुझाही चरखा गेला बघ!" ती ठणकावून सांगायची, "तुमचा गेला असेल. टॅमसिन मला टाकायची नाही."

सप्टेंबर संपता संपता तिचा पुतण्या रूबेन ब्रिस्टलला निघाला. तिकडं गोदीवर काम मिळालं होतं. गाडी दारात उभी करून म्हणाला, "काकू, चल. चुलीजवळ तुझं अंथरूण घालू."

"दुसऱ्याच्या चुलीजवळ कशाला? माझी लोकर येतेय पुढच्या आठवड्यात."

मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. लोकर चालू राहिलेल्या अकरा घरांत मावशीचं घर नाही, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही.

मावशीनं आधी खुर्ची विकली, मग पितळी भांडं. नोव्हेंबरात स्टूल फोडून जाळलं. एका शनिवारी पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गोरगरिबांचं बघणारी, माणसं आली आणि तिला फ्रूमच्या गरीबघरात घेऊन गेली.

बारावा मंगळवार आला. टॅमसिन बंद दारासमोर थांबली.

"नेलं तिला," मी म्हणाले.

ती तशीच परत फिरली. त्या दिवशी सूतही गोळा केलं नाही.

पुढचं मला तिनंच सांगितलं. गरीबघरात मावशी भिंतीशी बसून ट्रॅटमनचीच जाडीभरडी लोकर कातत होती.

"मिळाली बघ लोकर," मावशी म्हणाली.

"मावशी, माझ्या घरी चल. मी चुकले."

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर रूबेनबरोबर गेले असते. आता तो दुसऱ्याच्या घरात एका खोलीत राहतो, सहा माणसं, मला जागा कुठली? अकरा आठवडे मी दारात बसले, टॅमसिन. तुझी गाढवी वळणावर दिसली की केस सारखे करायचे."

"मला सांगवेना."

"तुला सांगवेना, म्हणून मी इथं." आणि मावशीनं पाठ फिरवली.

फेब्रुवारीत ट्रॅटमननं टॅमसिनच्या कानावर घातलं, ईस्टरनंतर गावात लोकर जाणारच नाही, पण तोवर बायकांना कळू देऊ नकोस, नाहीतर सूत बिघडवतील. पुढच्याच मंगळवारी तिनं आम्हाला विहिरीवर गोळा केलं.

"ईस्टरनंतर एक पेळूही येणार नाही. ज्यांना जायला जागा आहे, त्यांनी आत्ताच बघा."

"आणि तू? तुला यंत्रावर बसवणार असतील!" कुणीतरी ओरडलं. चिखलाचा गोळा तिच्या खांद्यावर बसला. तो तिनं पुसलाही नाही.

ट्रॅटमनला कळलं आणि आठवड्याच्या आत त्यानं तिला काढून टाकलं. गाढवी विकून ती फ्रूममध्ये लोकांचे कपडे धुवायला लागली. आम्हाला मात्र दोन महिने मिळाले. माझ्या नवऱ्यानं ट्रोब्रिजला काम शोधलं आणि आम्ही निभावलो.

दर रविवारी प्रार्थनेनंतर ती गरीबघरात जायची. वर्षभर मावशी तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या थंडीत मावशीनं अंथरूण धरलं, तेव्हा टॅमसिन तिला चमच्यानं लापशी भरवायची. मावशी मानेनं नको म्हणायची आणि तोंड उघडायची. मार्चमध्ये ती गेली. माफ केलं असं काही म्हणाली नाही.

नंतर एकदा बाजारात टॅमसिन भेटली, हात साबणानं सोललेले. मला म्हणाली, "तुला काय वाटतं प्रू, तिला शेजारपाजारच्या कुणीच कसं सांगितलं नसेल गं?"

मी म्हटलं, "कुणाला माहीत." आणि बटाटे निवडत राहिले.