घोडीला पटलेली चूक

"मी जेवायला गेलतो, तवा मी लई भारी वाजीवलं."

वडवणीच्या बसस्टँडवर चहा पिताना संगमेश हे एकदा अगदी गंभीरपणे म्हणाला होता. ऐकणारे हसले, तो हसला नाही. गावातल्या गच्च्यांवर तेव्हा डिश अँटेना उगवू लागल्या होत्या. पानटपरीवर कोला मिळत होता, आणि आप्पारावांनी पुण्याहून जपानी कीबोर्ड आणला होता.

आप्पाराव मोठे जमीनदार. निवडणुकीत पडल्यावर त्यांनी लग्नात वाजवणारा ऑर्केस्ट्रा काढला, कारण गर्दी जमवायची सवय सुटत नव्हती. संगमेश हा शिवलिंगप्पा वाण्यांचा मुलगा. दुकानात बसवला की तागडीच्या दांडीवर बोटं वाजवायचा आणि गिऱ्हाइकाला गूळ कमी-जास्त जायचा. "वाण्याच्या पोटी डोंबारी आला," असं शिवलिंगप्पा म्हणत. भजनात तो पेटी वाजवी, म्हणून आप्पारावांनी त्याला कीबोर्डवर बसवलं.

त्या लांबट पेटीत सनई होती, सारंगी होती, ढोल होता, आणि पृथ्वीवर कुठंच नसलेली काही वाद्यंही होती. जीपमध्ये पुढच्या सीटवर कीबोर्ड बसे. संगमेश मागे, स्पीकरच्या खोक्यांवर, धुळीत. म्हाळू ड्रायव्हर खड्डा आला की हळू घेई, तो कीबोर्डसाठी.

वाजवणाऱ्याचं दुःख जेवणात असतं. सगळ्या पंगती उठेपर्यंत वाजवायचं, मग गार वरण आणि तळाची बुंदी. पण या कीबोर्डला एक गुण होता. एकदा वाजवलेलं तो ध्यानात ठेवी आणि बटण दाबलं की बोटांशिवाय जसंच्या तसं वाजवी. संगमेशनं एका दुपारी घरी बसून स्वतः बांधलेली वरातीची चाल त्यात भरली. तिसऱ्या ओळीला आई, नीलाबाई, आतून ओरडली, "संगू, भाकर वाळून चालली!" त्यानं मागं वळून पाहिलं. बोट जरासं अडखळलं आणि शेजारच्या काळ्या पट्टीवर पडलं. भूक लागली होती. त्यानं ते तसंच ठेवलं.

पुढच्या लग्नात बटण दाबून तो पहिल्या पंगतीला बसला. हात धुऊन आला, तर नवरीचा मामा गळ्यात पडला. "मास्तर, आज तर कहर केला राव!" त्या दिवसापासून संगमेशला स्वतःचाच हेवा वाटू लागला.

ती चुकलेली पट्टी आली की नाचणारी मंडळी दचकून उडी मारत. हळूहळू ती उडी नाचात बसली. आप्पारावांची पांढरी घोडी ऑर्केस्ट्र्याबरोबरच भाड्यानं जाई. माणसं उडाली की तीही पुढचा पाय उचली. लोकांना त्यात शुभ दिसलं. पाय उचलला की तिला कुणीतरी गूळ भरवी. शेवटी असं झालं की मारुतीपुढं तो सूर ऐकल्याशिवाय घोडी जागची हलेना.

संगमेश आप्पारावांकडे गेला. "आप्पा, ते चुकलेलं हाय. मी नव्यानं भरतो."

"चुकलेलं कावून? घोडीला इचारलं का?"

"घोडीला काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा तिला बघाय जास्त लोक येतेत." आप्पारावांनी पान जुळवलं. "आन् ऐक. म्हाळूला बटण दाबाय शिकीव. पुढल्या लगीनसराईला तू न्हाई आलास तरी चालंल."

संगमेश दारापर्यंत जाऊन परत फिरला. मग म्हणाला, "तलवाड्याच्या लग्नात मी हातानं वाजीवतो. लोकायनीच सांगावं, मी पायजे का ते."

"वाजीव. पर घोडी हालली पायजे."

तलवाड्याचं लग्न आप्पारावांच्या पुतण्याचं, रवीचं. ऊन असं की सावल्याही माणसांना सोडून गेलेल्या. जीपवर उभा राहून संगमेश वाजवत होता, आणि इतकं चांगलं त्यानं जन्मात वाजवलं नव्हतं. मिरवणूक मारुतीपुढं आली. तिसरी ओळ आली. त्यानं शुद्ध सूर लावला.

नाचणारे अर्ध्या उडीत अडकले. घोडी थांबली. तिनं मान वळवून जीपकडे पाहिलं.

"मास्तर, चुकलं तुमचं!" कुणीतरी ओरडलं.

"चुकलं न्हाई. आत्ताच बरोबर हाय!"

"मग चूक वाजीव की बे! मुहूर्त चाललाय!"

घोडीवरून बाशिंग सावरत रवी म्हणाला, "काका, मी चालत जाऊ का?"

"गप बस," आप्पाराव म्हणाले. "आपल्यात कुणी चालत गेलं न्हाई."

संगमेशनं मुद्दाम काळी पट्टी दाबली. घोडीनं नुसता कान हलवला. सूर तोच होता, पण त्यात वळून पाहणं नव्हतं, भूक नव्हती. पुन्हा दाबली. घोडी ढिम्म. घामानं निथळत तो म्हाळूला म्हणाला, "माझ्या मागं उभा ऱ्हा. तिसरी वळ आली की वरड, भाकर वाळून चालली म्हणून."

म्हाळू मागं गेला, आणि भर मिरवणुकीत जिवाच्या आकांतानं ओरडला, "संगू, भाकर वाळून चालली!"

संगमेश वळला. बोट मात्र अचूक शुद्ध पट्टीवर पडलं.

आप्पारावांनी म्हाळूला खूण केली. म्हाळूनं संगमेशला हलकेच बाजूला सारलं आणि बटण दाबलं. तिसरी ओळ आली, अडखळली, चुकली. माणसं उडाली, घोडीनं पाय उचलला, गूळ खाल्ला आणि चालू लागली.

अक्षता पडल्यावर मांडवात मानकऱ्यांना टॉवेल-टोपी देणं सुरू झालं. माईकवर बिभीषण होता. गावातला कुठलाही सत्कार त्याच्या आवाजाशिवाय पुरा होत नसे. "आता ज्यांच्यामुळं आज घोडी हालली, आपला मुहूर्त साधला, त्या आपल्या लाडक्या कलाकाराचा सत्कार आप्पारावांच्या हस्ते होईल!"

संगमेश स्टेजवर चढला. टोपी घालून घ्यायला त्यानं डोकं वाकवलं. आप्पाराव त्याच्या शेजारून पुढं गेले. त्यांनी कीबोर्डला कुंकू लावलं, त्याच्यावर टॉवेल पांघरला आणि कोपऱ्यावर टोपी ठेवली. टाळ्या वाजल्या. संगमेशचं डोकं वाकलेलंच होतं.

"मास्तर, जरा सरका," फोटोवाला म्हणाला. "तुमची सावली पडायली त्याच्यावर."

संगमेश सरकला. कीबोर्डवरची टोपी तिरकी झाली होती, ती त्यानं दोन्ही हातांनी सरळ केली. मग पायऱ्या उतरून पंगतींच्या मधून तो चालू लागला. पहिल्या पंगतीत त्याच्यासाठी पान मांडलेलं होतं, गरम भातावर तूप पडलेलं. "बसा की मास्तर, आता कुठं चालले?" वाढप्यानं विचारलं.

मागं म्हाळूनं बटण दाबलं. संगमेश मांडवाच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिसरी ओळ आली, आणि तो सूर लागताच सवयीनं साऱ्या मांडवाचा पाय उचलला गेला. त्याचाही उचलला गेला. तो त्यानं बाहेरच्या उन्हात टाकला.